कळकाच्या पाणंदीतली भूतकमिटी

ए, सरकून बसा रं. चुलाणाच्या तोंडाशी गर्दी करू नका, ठिणगी उडली की कापड बघत न्हाई ती. गुळाची काहील उतरायला अजून लई वेळ हाय, रसाला आत्ता कुठं उकळी फुटलीया. गुळव्या म्हणाला, आक्का, तवर एक भुताची सांगा. सांगते की. पण मधी कोण हसलं तर उठून जाईन, आधीच सांगून ठेवते. माझा सभाव तुम्हाला ठावं हाय.

ऐका.

दिवस बुडाला होता. कडूसं पडलं होतं. आणि वाडीवरनं माणसं निघाली खालच्या गावाला. दुसऱ्यांच्या गोष्टीत एकटा माणूस निघतो बघा, खांद्यावर घोंगडं टाकून. कुणाचं ऐकत न्हाई आणि मंग भोगतो. आमच्यात तसं न्हाई. आम्ही चौघं निघालो. तिघं पायानं, चौथा झोळीत. झोळीत माझा थोरला भाऊ, श्रीपती देवर्षी. त्याला घोणस चावली होती.

हां, आता कसं गप झालासा!

पाव्हणं, तुम्ही नवीन हाय, तुम्हाला सगळं सांगाय पायजे. आमची वाडी वर माळावर. खालचं गाव डांबरी सडकेला. सरकारी दवाखाना खाली, शाळा खाली, डेअरी खाली. मधी कळकाची पाणंद. कळक म्हंजे बांबू. वाटेच्या दोन्ही अंगाला असा दाट, की भर दुपारी पण आत कंदील लावावा वाटतो. पाणंदीनं गेलं तर तोंडातलं पान संपायच्या आत माणूस खाली. आणि डोंगराला वळसा घालून गाडीवाटेनं गेलं तर अर्धी रात जाती. तरी सगळी वाडी वळसा घालायची. का? पाणंदीत चकवा होता.

होता म्हंजे हाय अजून. बसा, बसा. सांगते.

चकवा म्हंजे वाट चुकवणारा. त्याला तोंड न्हाई, पाय न्हाई, पांढरी साडी न्हाई की मोकळं केस न्हाईत. तो नुसता फिरवतो. पाणंदीच्या मध्यावर वाट फुटती. डावी जाती डांबरीला. उजवी जाती एका बिनकठड्याच्या विहिरीवर. जी जी माणसं त्या पाणंदीत चुकली ती सगळी सकाळी विहिरीवर घावली. कुणी काठावर बसल्याली, वाचा गेल्याली. कुणी आत.

आणि ह्या चकव्यावर माझ्या भावाचं पोट चालायचं. अंगारा, लिंबू, कोंबडं. लांबनं लांबनं लोक यायचे. "पाणंद मी मंतरून बांधलीया," म्हणायचा. "माझ्या हुकमाशिवाय कोण आत गेला, तर मी जबाबदार न्हाई." मंग कोण जातंय? बाळंतीण असू दे, तापानं फणफणल्यालं पोर असू दे, सगळी वरात गाडीवाटेनं. माझा जीव जळायचा बघा हे बघून.

म्हणून आम्ही कमिटी काढली. नाव चांगलं ठेवलं होतं, ग्रामसेवा तपास मंडळ. फळी रंगवून गिरणीवर लावली. लोकांनी तिची भूतकमिटी करून टाकली. आम्ही तिघं. एक बंडा वायरमन, तो म्होरक्या. सरळ माणूस. इतका सरळ, की बायकोनं भाजी कशी झालीया विचारलं तर खरं सांगतो आणि मंग दुसऱ्या दिवशी स्वतः रांधतो. दुसरा इलाई तांबोळी, पानपट्टीवाला. अंगानं रेडा आणि जीभ लवंगी मिरची. तिसरी मी, हौसाबाई गिरणीवाली. कुणाच्या घरात रात्रीचं काय वाजलं, कुणाला परसात काय दिसलं, की आम्हाला हाक मारायची. आम्ही जायचं, दिवा बारीक करून बसायचं, ऐकायचं, बघायचं. पैसा न्हाई, नारळ न्हाई. चहा दिला तर घ्यायचा.

सुताराच्या माळ्यावर बाई रडायची. रातभर बसलो. उदमांजर व्यालं होतं. म्हाताऱ्या गंगूबाईच्या खिडकीत हात हलायचा. केळीचं पान! कुंभाराच्या पोरीला लागीर झालंय म्हणून माझा भाऊ चाबूक घेऊन तिच्या म्होरं बसला होता. आम्ही त्याला बाहेर काढलं, पोरीजवळ बसलो, तिला बोलू दिलं. तिला ते लग्न करायचं न्हवतं. एवढंच! एवढ्यासाठी बिचारीच्या पाठीवर वळ उठलं होतं. आणि कधी कधी आम्हाला काहीच कळायचं न्हाई. तवा बंडा उभा राहून सांगायचा, "हे काय हाय ते आम्हाला समजलं न्हाई. पण तुम्ही एकटं न्हाईसा, आम्ही उद्या परत येतो." लोकांना तेवढं बास व्हायचं. झोप लागायची त्यांना.

माझ्या भावाला मात्र झोप लागंना. कुंभाराच्या पोरीचं झाल्यावर तो माझ्या दारात आला. म्हणाला, "हौसा, तू माझ्या पोटावर पाय दिलास. तू मला मेलीस."

मी काय कमी हाय? म्हटलं, "मेले तर मेले. तेराव्याला जेवाय ये."

तवापासनं बोलणं बंद. एकाच नळावर पाणी भरायचं, एकाच देवळात घंटा वाजवायची, आणि तोंड फिरवून जायचं. सख्खी भावंडं आम्ही!

आता कमिटीचा एक नेम सांगते, तो नीट ध्यानात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्यावर हाय. नेम असा, की पहाऱ्यावर भ्या बोलायचं. जे दिसलं, जे ऐकू आलं, ज्याचं भ्या वाटलं, ते तिथल्या तिथं मोठ्यानं सांगायचं. पोटात ठेवायचं न्हाई, खोटं सांगायचं न्हाई, आणि दुसऱ्यानं हसायचं न्हाई. का? इलाईनं सुरवातीला एकदा पोटात ठेवलं होतं. मनातल्या मनात ते वाढत गेलं, वाढत गेलं, आणि अंधारात जो पळत सुटला तो थेट उकिरड्यात कमरेइतका. काय न्हवतं तिथं, एक गाढव होतं! तवापासनं हा नेम. बोलून टाकलं की माणूस निम्मा मोकळा होतो. चांगलाच नेम हाय तो. पण त्यानंच आमचा घात केला असता.

तर ते भाताच्या कापणीचं दिवस. मी गिरणीचा पट्टा उतरवत होते. वैनी पळत आली. पदराचं भान न्हाई. "हौसावन्सं! तुमच्या दादाला पान लागलं!"

पाव्हणं, पान लागलं म्हंजे साप चावला. दिवेलागणीला आम्ही त्याचं नाव घेत न्हाई.

गेले तशीच. दादा अंगणात बसला होता. पेंढी उचलताना घोणशीनं पायाला डसलं होतं. पाय गुडघ्याच्या वर सुजल्याला, काळानिळा. हिरड्यांतनं रगत यायला लागलं होतं. आणि हा माणूस स्वतःच स्वतःवर मंत्र टाकत होता! भोवती सगळी वाडी गोल करून उभी. कुणी दवाखान्याचं नाव काढंना. मी इतक्या वर्सांनी पहिल्यांदा बोलले त्याच्याशी. म्हटलं, "दादा, ऊठ. दवाखाना."

"मी देवर्षी हाय," म्हणाला. "मला दवाखाना?"

"तू देवर्षी हायस हे त्या जनावराला ठावं न्हवतं," म्हटलं. "बंडा, घोंगडं आण."

तवर बंडा आणि इलाई आलेच होते. वाडीवरची एकुलती एक जीप वऱ्हाड घेऊन गेल्याली. फोनला रेंज न्हाई, तवा वाडीवर कुठली रेंज! लोक म्हणाले बैलगाडी जोडा, वळशानं न्या. बंडानं दादाच्या तोंडावर बॅटरी मारली, हिरड्या बघितल्या. म्हणाला, "तेवढा वेळ ह्यांच्याकडं न्हाई. पाणंदीनं न्यायला पायजे."

अगं बया! सगळी माणसं एक पाऊल मागं. आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं असंल? दादाच! "पाणंदीनं नगो! हौसा, पाया पडतो तुझ्या, तिथं खरंच हाय! मी बांधली-बिंधली काय न्हाई. मला बांधाय येत न्हाई!"

सगळ्या वाडीसमोर बोलला. वैनीनं तर कपाळालाच हात लावला.

खांदा द्यायला कोण म्होरं येईना. इलाई म्हणाला, "दोन खांदं बास हायत. एवढी कोंबडी खाऊन पण देवर्षी हलकाच हाय." घोंगड्याची झोळी केली, वाशाला बांधली. पाय हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी फळकुटं आवळली. वैनीला म्हटलं, तुम्ही गाडीनं मागनं या, काळजी करू नका. म्होरं बंडा, मागं इलाई, आणि मी कंदील-बॅटरी घेऊन झोळीच्या कडेनं. एका हातानं दादाचा हात धरला होता. गार पडला होता तो.

आत शिरलो.

शिरल्या शिरल्या सगळा आवाज बंद. रातकिडा न्हाई, बेडूक न्हाई. थोडं चाललो असू. बंडानं नेमाप्रमाणं सांगितलं, "मागनं पावलं वाजतायत."

इलाई म्हणाला, "मला पण ऐकू येतायत. मागनं येऊ देत. म्होरनं येऊ नयेत म्हंजे झालं."

म्हणायचा अवकाश, पावलं म्होरनं! चपक, चपक, चपक. आमच्याकडं तोंड करून.

बंडा म्हणाला, "म्होरनं येतायत. हरकत न्हाई. बॅटरी हाय तवर भ्या न्हाई."

बॅटरी गेली. नव्या सेलांचा मसाला घातला होता हो तिच्यात! मी हापटली, हलवली. मेली ती मेली.

आता नुसता कंदील. चाललोय. इलाई मागनं म्हणाला, "आक्का, खरं सांगतो, झोळी जड झाली तर मला पेलायची न्हाई. त्याचं भ्या वाटतंय." आणि वासा करकरला. कर्रर्र! झोळी अशी खाली आली, की दादाची पाठ गवताला लागली. जणू आत अजून कोणतरी येऊन बसलं. इलाईच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. पण गडी सोडतोय व्हय! "बसा," म्हणाला, "कोण असंल ते बसा. तांबोळ्याचा खांदा हाय, फुकट सवारी करा!"

शाब्बास रं इलाई! अशी माणसं पायजेत कमिटीत.

दादाचं कण्हणं थांबलं होतं. मी वाकून बघितलं, तोंड बंद, डोळं बंद. नेमाप्रमाणं बोलले, "दादा गप झालाय. त्याचा आवाज मला परत ऐकाय मिळतोय का न्हाई, ह्याचं भ्या वाटतंय मला."

आणि कळकातनं हाक आली. "हौसा."

दादाचा आवाज! झोळीतनं न्हवं. उजवीकडच्या कळकातनं. "हौसा, ठेव मला खाली. दुखतंय गं." मंग डावीकडनं. "हौसा, ठेव की खाली." मंग डोक्यावरनं. झोळीतल्या दादाचं तोंड बंदच. माझ्या अंगावर असा काटा आला, आत्ता पण येतोय बघा, हा हात बघा.

पण काट्याबरोबर डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "बंडा, थांब! अरे, आपण बोलतोय तेच हा करतोय! म्होरनं नको म्हटलं, म्होरनं आला. बॅटरी म्हटलं, बॅटरी गेली. जड म्हटलं, जड झालं. आपण आपल्या तोंडानं ह्याला पढवतोय!"

दुसरा कोण असता तर असली चूक त्याच्या हातनं झाली नसती. दुसरी माणसं पाणंदीत तोंड शिवून जायची. आम्ही शहाणी कमिटी! चालता चालता त्याला एकेक काढून देत होतो, घे हे भ्या, आता घे हे.

इलाई म्हणाला, "मंग गप बसूया." बसलो गप. कुणी ओठ हलवंना. फाटा आला. मी कंदील वर करून बघितलं, डावी वाट चांगली ओळखली, बंडानं पण मान हलवली. डावीकडं वळलो. वळलोच आम्ही डावीकडं, शपथ घेऊन सांगते! पण मनात काय होतं? तिघांच्या पण मनात एकच. विहीर, विहीर, विहीर.

बंडा एकाएकी थबकला. "पाय टाकू नका कुणी!"

त्याच्या चपलेखालचा एक दगड निसटला. गेला. काही आवाज न्हाई, काही आवाज न्हाई... आणि मंग लांब खालनं, डुबुक.

विहीर! बंडाचा अंगठा काठावर.

मागं सरलो. परत फाट्यावर आलो. परत डावीकडं. परत विहीर. परत फिरलो, आता मुद्दाम उजवी धरली. तरी विहीर! कळक असा दाटून आला होता की वाट म्हणून दिसंना. जिकडं तोंड करावं तिकडं पाण्याचा वास. तवा समजलं. त्याला बोललेलंच ऐकू येतं असं न्हाई, पोटातलं पण ऐकू येतं. म्हणून तर तोंड शिवून गेल्याली माणसं विहिरीवर घावायची. सगळी वाडी त्या विहिरीला भ्यायची, आणि हा त्यांना तिथं पोचवायचा. त्याला विहिरीचं काय न्हाई. त्याला माणसाचं भ्या पायजे, बास.

दादाचा श्वास मी मोजत... मोजत कसला, हुडकत होते. छातीवर हात ठेवला तर बारीक, लई बारीक. आणि मला राग आला. तुम्हाला वाटंल आक्का घाबरली असंल. घाबरले होतेच. पण त्याच्यावर राग चढला. माझा भाऊ हितं मरतोय आणि हे मुडदं आमच्याबरोबर लपंडाव खेळतंय! मी कंदील खाली ठेवला, पदर कमरेला खोचला.

बंडा पुटपुटला, "आक्का, बोलू नको. तो ऐकतोय."

"ऐकू दे! त्याच्यासाठीच बोलतेय!" म्हटलं. आणि वर तोंड करून असं बोंबलले, की वाडीवर ऐकू गेलं असंल. "ए चकव्या! मला विहिरीचं भ्या घालतोस व्हय? विहिरीत पडले तर मरीन, एका मिंटात सुटले! हौसाबाईला कशाचं भ्या वाटतं ते तुला सांगते, ऐक. मला दवाखान्याचं भ्या वाटतंय! त्याच्या दाराचं! वर ती ट्यूब फकफक करत असणार. डॉक्टर येणार, माझ्या भावाची पापणी वर करणार, आणि म्हणणार, बाई, उशीर झाला. हितं अंधारात हाय तवर तो जिता हाय. तिथं उजेडात मला त्याचं मढं दिसंल. मला नगो बघायला! आमची आई गेल्यावर मला जेवू घातलंय त्यानं. त्याच्याशी भांडायचं अजून लई राहिलंय माझं! मला तिकडं नेऊ नको! कुठंबी ने, त्या दारात नेऊ नको!"

आणि हे सगळं खरं होतं. एक अक्षर खोटं न्हवतं. नेम मोडला न्हाई मी. रडत होते, नाक गळत होतं, आणि डाव पण टाकत होते. बंडाला वाटलं आक्का खचली. इलाईला वाटलं आक्का लई पोचल्याली हाय. दोघांचं पण बरोबर होतं.

सगळं शांत झालं. पानसुद्धा हलंना.

आणि मंग कळक हसला. बांबूवर बांबू घासला की कसं वाजतं? तसं. पण सगळीकडनं, वरनं खालनं. आणि आमच्या पाठीवर वारं बसलं. वारं कसलं, हात म्हणा! ढकलतंय, ढकलतंय! समोरचा कळक असा दोन्ही बाजूला सरला, वाट केवढी रुंद, बैलगाडी जाईल एवढी. झोळी एकदम कापसासारखी हलकी. आणि लांब, अगदी म्होरं, पांढरा दिवा. फकफक. फकफक.

"पळा!" म्हटलं.

पळालो! इलाईची एक चप्पल गेली, बंडाचं धोतर फाटलं. कळकातनं दादाच्याच आवाजात ते ओरडतंय, "मेला, मेला, मेला!" पावलागणिक. मी कानावर हात पण ठेवू शकत न्हवते, दादाचा हात धरला होता ना! मी म्हणत होते, "नगो, नगो, तिकडं नगो!" आणि पळत तिकडंच होते. मला सांगा, एवढ्या जोरात नगो म्हणत कोण पळालं असंल का आजवर?

आणि पायाखाली डांबर लागलं. समोर दवाखान्याची मागची भिंत.

मागं सगळं थांबलं. कळकाच्या शेवटच्या बेटाशी येऊन ते उभं राहिलं. दिसलं काय न्हाई, पण होतं. डांबरीवर येता येत न्हाई त्याला. आणि आपण कुणाला कुठं आणून सोडलं ते आता कळलं असंल. असा आवाज आला, की दात हलले. "परत ह्या वाटंला यायचं न्हाई! परत ह्या वाटंला यायचं न्हाई!"

इलाई धापा टाकत म्हणाला, "घ्या! आता हाच देवर्षी झाला!"

मी वळले. म्हटलं, "येणार! ह्याच वाटेनं येणार. आणि माझा भाऊ स्वतःच्या पायानं चालणार. तू बाजूला सरून बस!"

तोंडानं बोलले हो. पण पोट? चकवा मागं राहिला, पण त्याला सांगितलेलं भ्या तर म्होरंच होतं. दार तेच. ट्यूब तशीच फकफकत होती. डॉक्टर आला, पोरसवदा होता, डोळ्यांवर झोप. त्यानं दादाची पापणी वर केली. अगदी मी बोलले होते तशी! मी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर लसीकरणाचं चित्र होतं, गुबगुबीत बाळाचं. मी त्या बाळाकडं बघत राहिले. आता म्हणंल, आता म्हणंल.

"बाई," तो म्हणाला, "हिकडं बघा. ह्यांचा पाय घट्ट धरा, सुई टोचायची हाय."

मेलेल्या माणसाचा पाय कोण धराय सांगत न्हाई! मी धरला. दोन्ही हातांनी धरला आणि अशी हंबरडा फोडून रडले, की डॉक्टर ओरडला माझ्यावर. म्हणाला, जिता हाय तर कशाला रडताय?

अर्धी रात सरल्यावर वैनीची गाडी आली, तवा सलायनच्या बाटल्या टांगल्याल्या होत्या आणि दादा घोरत होता. पुढं शुद्धीवर आला. पहिला सवाल, "कुठनं आणलंस?"

"पाणंदीनं."

परत डोळं मिटून घेतलं त्यानं.

दवाखान्यातनं सोडलं त्या दिवशी वाडीची जीप न्यायला आली. सगळी माणसं आल्याली. दादा कपडं बदलून जीपमधी बसला पण. मी म्हटलं, "उतर. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"चकव्याला."

लोक म्हणाले, आक्का, तुला याड लागलं काय? वाचलाय एवढ्यावर भागव. वैनी रडाय लागली. मी म्हटलं, "आज हा जीपमधनं गेला, तर उद्या तुमचं पोर तापानं फणफणलं की तुम्ही परत वळसा घालणार. मंग आम्ही कशाला खांदा दिला? दादा, उतर!" आणि काय त्याच्या मनात आलं कुणास ठाऊक, काठी घेऊन उतरला.

दिवेलागणीचीच वेळ. बंडा म्होरं, इलाई मागं, मधी आम्ही दोघं भावंडं. त्याच्या काठीचा आवाज, टक, टक. फाट्यावर आलो आणि कळकातनं आलंच. "श्रीपती. आलास व्हय?"

दादा थांबला. जन्मभर दुसऱ्यांच्या भ्यावर जगलेला माणूस. स्वतःचं कधी कुणाला दाखवलं न्हाई. माझा हात घट्ट धरून म्हणाला, "हौसा, मला भ्या वाटतंय."

"कशाचं? मोठ्यानं बोल. हितं हसत न्हाई कोण."

"ह्याचं न्हाई गं," म्हणाला. "घरचं. पाणंद बांधता येत न्हाई म्हणून सगळ्यांसमोर बोलून बसलोय मी. आता घरी जाऊन बसलो, की माझ्या दारात कोण येणार? मला कोण विचारणार?"

त्याचं बोलणं संपतंय तवर पाठीवर वारं बसलं! कळक सरला, वाट उघडली, आणि असं ढकललं म्हणता आम्हाला, की दादाला काठी टेकायला पण सवड न्हाई. थेट घराकडं! इलाई मागं खो खो हसत सुटला, नेम मोडला त्यानं, पण त्या दिवशी माफ केलं मी. डोंगराला वळसा घालून जीप यायच्या आधी आम्ही दादाच्या उंबऱ्यावर होतो. घर बंद. अंगणात चिटपाखरू न्हाई. दादा पायरीवर बसला, त्या मोकळ्या अंगणाकडं बघत. त्याला जे भ्या वाटलं होतं तेच समोर होतं.

मी कडी काढून आत गेले, चूल पेटवली, आणि दारात येऊन विचारलं, "दादा, चहा घेणार?"

त्यानं वर बघितलं. नुसती मान हलवली.

आता ऐका शेवटचं. असल्या गोष्टीच्या शेवटाला म्हातारी माणसं सांगतात, बाबांनो, त्या वाटेला जाऊ नका. मी न्हाई सांगणार. हे तर तो चकवाच सांगतोय, त्याचं मी कशाला सांगू? आज हितनं वाडीवर जाणारे कोण कोण हायत? पाणंदीनंच जायचं. हाय तो अजून, तिथंच हाय, आणि राहू दे. वाट आपली हाय. दोघं-तिघं मिळून जायचं, बोलत जायचं. भ्या वाटलं तर पोटात ठेवायचं न्हाई, पण विहिरीचं बोलायचं न्हाई. घराकडचं भ्या बोलायचं. ज्याला बायकोचं भ्या हाय, ज्याला सासूचं हाय, त्यानं मोठ्यानं नाव घेऊन सांगायचं. तो सगळ्यांच्या आधी घरला पोचतोय का न्हाई बघा.